एक नळी गरम, एक थंड

प्रिय चिकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कपाटात टाकशील अशी भीती वाटली, म्हणून पत्ता आईकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मध्येच चुरगाळून फेकायचा स्वभाव तुझा नाही, तो माझा आहे. फोन का नाही केला म्हणशील. केला होता, काल रात्री. तुझ्या लेकीनं उचलला आणि कोण बोलतंय म्हणून विचारलं. मला ‘आत्या’ एवढा शब्द तोंडातून काढता येईना. मी फोन ठेवून दिला. तिला सांग, तो राँग नंबर नव्हता.

आत्ता सकाळचे आठ वाजलेत आणि मी गॅरेजच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. टेबल तेच आहे, एक पाय आखूड असलेलं, आणि त्याखाली तू ठेवलेली ब्रेक-शूची पट्टीही अजून तिथेच आहे. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन उद्या आहे. आज दुपारी चारच्या आत घाटापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखल व्हायचं. आईनं तुला तारीख सांगितली असेलच. ती मागच्या दाराशी जाऊन तुझ्याशी हळू आवाजात बोलते आणि तिला वाटतं मला काही कळत नाही. पण ही तिसरी तारीख आहे, हे तिनं सांगितलं नसेल. पहिल्या वेळी पिकअपमधून नेलं. दाराच्या फटीतून वारा येत होता, तिथे पोचेपर्यंत बाबांना खोकला धरला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हात वर केले. दुसऱ्या वेळी भाड्याची गाडी केली, तर रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा बघून ड्रायव्हर घाटाच्या पायथ्यावरूनच मागे फिरला. आता डॉक्टरांनी बजावलंय, की अंगात थंडी भरता कामा नये, छातीत जरा जरी घरघर ऐकू आली तरी मी हात लावणार नाही, आणि पुढची तारीख उन्हाळ्यात मिळेल. उन्हाळ्यापर्यंत तो खुबा थांबणार नाही रे. खोलीतून मोरीपर्यंत जायला त्यांना आता दहा मिनिटं लागतात, आणि मध्ये भिंतीला टेकून उभे राहतात तेव्हा कुणी बघितलेलं त्यांना खपत नाही.

पाय लांब पसरून बसता येईल अशी एकच गाडी आपल्याकडे आहे, ती म्हणजे निळी. तिची पुढची सीट पार मागे सरकते. अपघातानंतर तिचं बॉनेट ठोकून सरळ केलं, पुढची काच नवी बसवली, रेडिएटरचा मार काढला, सगळं केलं. फक्त हीटरला कुणी हात लावला नाही. उन्हाळ्यात ती बाहेर काढायची आणि हिवाळा आला की शेडमध्ये ताडपत्रीखाली ढकलायची, असं चार वर्षं चाललंय. हीटर उघडायचा म्हणजे तुझं नाव काढायचं, आणि या घरात ते कुणाला काढायचं नव्हतं. सगळ्यांत कमी मला.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहिते, कारण माझ्या तोंडून तू ते फक्त ओरडून ऐकलं आहेस. त्या सकाळी बाबा गिअरबॉक्स आणायला एकटेच निघाले होते. अर्ध्या घाटात हीटर थंड फेकायला लागला. बाहेर धुकं, आत माणसाचा श्वास, काच आतून पांढरी झाली. ते बाहीनं पुसत पुसत चालवत राहिले. थांबायला हवं होतं, पण थांबतील तर ते आपले बाबा कसले. वळणावरचा दगडी कठडा त्यांना दिसलाच नाही. दोन तास पाय पेडलमध्ये अडकलेला, आणि गाडीतली थंडी वाढत चाललेली. एका ट्रकवाल्यानं बघितलं म्हणून वाचले. आणि मी काय केलं? मी हॉस्पिटलात यायच्या आधी शेडमध्ये ओढून आणलेल्या निळीकडे गेले. बाबांचा नियम तुला माहीतच आहे, जो कुणी गाडीला हात लावेल त्यानं काय केलं ते स्वतःच्या हातानं चिठ्ठीवर लिहायचं आणि ती स्टिअरिंगला बांधायची, मग घरची गाडी असली तरी. चिठ्ठीवर शेवटच्या ओळी तुझ्या होत्या. थर्मोस्टॅट बदलला, कूलंट भरलं, हवा काढली. खाली तुझी सही, आठ दिवसांपूर्वीची. त्यानंतर काहीच नाही. ती चिठ्ठी मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, तुझ्या सासरच्या माणसांसमोर तुझ्या नाकापुढे नाचवली. हवा काढली म्हणून लिहिलंस, काढली नाहीस, बाबांना तू घाटात गोठवलंस, असं मी म्हणाले. तू एवढंच म्हणालास, “काढली होती, ताई.” एकदाच. दुसऱ्यांदा म्हणाला असतास तर मी कदाचित ऐकलं असतं, असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. नसतंच ऐकलं.

पुढचं तूच भोगलंस. बाबा खाटेवरून म्हणाले, याच्या हाती पुन्हा पाना द्यायचा नाही. गॅरेज माझ्या नावावर झालं. तू शहर सोडलंस आणि आता कुठल्याशा गोदामात खोकी मोजतोस. आई सांगत होती की तू स्वतःच्या स्कूटरची हवासुद्धा दुसऱ्याकडून तपासून घेतोस. एका गॅस्केटचा कागद खरवडायला तासभर घालवणारा माणूस तू! बाबांनी तुला चिकट्या म्हणायला सुरुवात केली ती वैतागून, पण गिऱ्हाइकं तुझ्यासाठीच थांबायची. हे मी तेव्हा कधी तोंडानं कबूल केलं नाही, कारण मला ते झोंबायचं. माझं काम झटपट, तुझं काम नीट, आणि लोकांना नीट हवं असायचं.

तर सोमवारी दुपारी मी ताडपत्री काढली. बाबा कुबड्या घेऊन शेडमध्ये आले आणि खुर्ची टाकून बसले. त्यांना घरात जा म्हणून मी तीनदा सांगितलं, त्यांनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. गळ्याला मफलर, डोक्याला टोपी, नुसतं नाक बाहेर, आणि तिथून हुकूम. कूलंट बघ. बघितलं, काठोकाठ होतं. इंजिन सुरू केलं, दहा मिनिटांत तापमानाचा काटा मध्यावर येऊन थांबला. डॅशबोर्डखाली वाकून गरम-थंडची केबल बघितली, पडदा नीट उघडत होता. पंखा जोरात चालत होता आणि हवा मात्र बर्फाच्या लादीवरून आल्यासारखी. बाबा म्हणाले, “पाण्यात हवा अडकलीय. काढलीच नव्हती त्यानं.” मी गाडीचं तोंड रॅम्पवर वर केलं, झाकण उघडलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि अर्धा तास हवा काढत बसले. एक बुडबुडा आला नाही. बाबा म्हणाले, चार वर्षांत निघून गेली असेल. मग अजून थंड का फेकतो, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

आता तुला एक विचारते, आणि उत्तर मला ठाऊक आहे. हीटर थंड फेकतोय, इंजिन गरम आहे, तर पहिलं काम काय? हीटरला जाणाऱ्या दोन नळ्यांवर हात ठेवायचा. दोन्ही गरम असल्या तर पाणी फिरतंय, भानगड पुढे कुठेतरी आहे. दोन्ही थंड असल्या तर पाणी तिथवर पोचतच नाहीये. आणि एक गरम, एक थंड असली तर हीटरच्या आतली ती वीतभर जाळी तुंबलेली आहे. पहिल्या आठवड्यातला शिकाऊसुद्धा हेच करील, अर्ध्या मिनिटाचं काम. बाबांनी तासाभरानं विचारलं, “नळ्या बघितल्यास?” मी म्हणाले, बघितल्या. बघितल्या नव्हत्या. वाकून पाने शोधल्यासारखं करत मी तोंड दुसरीकडे फिरवलं. सोमवारी संध्याकाळपर्यंत मी त्या गाडीचं सगळं चाचपलं आणि त्या दोन नळ्यांना बोट लावलं नाही.

काल सकाळी बाबांनी नवा धोशा लावला, की थर्मोस्टॅट उलटा बसवला असेल, काढून बघ. काटा मध्यावर येतोय म्हणजे थर्मोस्टॅट ठीक आहे, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांनाही तुझीच चूक सापडायला हवी होती, आणि मला तर हवीच होती. मी झाकणाचे दोन बोल्ट काढले. चिकट्या, तुझं ते काम मी चार वर्षांनी उघडून बघितलं. जुन्या गॅस्केटचा एक कण राहिलेला नव्हता. हवा जायचं बारीक छिद्र बरोबर वरच्या बाजूला. स्प्रिंग इंजिनकडे. बोल्टच्या आट्यांना तू ग्रीसचा हात दिला होतास, म्हणून ते इतक्या वर्षांनी बोटानं फिरवावे तसे सुटले. तरी माझं समाधान होईना. स्वयंपाकघरात गेले, आईच्या चहाच्या पातेल्यात पाणी घेतलं, थर्मोस्टॅट तारेनं लोंबकळत सोडला, शेजारी थर्मामीटर धरला. आई दारात उभी राहून बघत होती. त्याच्यावर ब्याऐंशी अंश कोरलेलं आहे, आणि ब्याऐंशीला त्याची झडप उघडली. थंड केला, पुन्हा गरम केला, पुन्हा ब्याऐंशी. आईनं विचारलं, “खराब आहे का गं?” मी म्हणाले, नाही, चांगला आहे. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

थर्मोस्टॅट परत बसवला, इंजिन तापवलं आणि बाबा बघत असतानाच हात आत घातला. पहिली नळी इतकी गरम की बोटं झटकन मागे आली. दुसरी नळाच्या पाण्यासारखी थंड. मी हात तसाच थंड नळीवर ठेवून उभी राहिले. मागून बाबा म्हणाले, “काय झालं? बोल की.” बोलायचं काय होतं? जाळी तुंबलेली होती, आणि ती कशानं तुंबली हे त्या शेडमध्ये फक्त मला माहीत होतं.

आता लिहिते ते नीट वाच. बाबा घाटात निघाले त्या सकाळी निळीच्या रेडिएटरची खालची नळी ठिबकत होती. थेंब थेंब. नळी बदलायला तास लागला असता. बाबा कोट घालून तयार, हाताखाली दुसरं गिऱ्हाईक, आणि मला नेहमीची घाई. गळती बंद करायची ती पावडर तुला आठवत असेल, पाण्यात टाकली की भोकात जाऊन बसणारी. बाबा तिला आळशाचं औषध म्हणायचे आणि गॅरेजमध्ये ठेवू द्यायचे नाहीत. मी पत्र्याच्या कपाटामागे पुड्या लपवून ठेवायचे. एक पुडी पुरली असती. लवकर बसावी म्हणून दोन ओतल्या. नळी ठिबकायची थांबली. पावडर भोकात बसली तशीच हीटरच्या बारीक जाळीतही बसली, अर्ध्या घाटात पोचेपर्यंत. चिठ्ठीवर काही लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर बाबांना पुडी कळली असती. म्हणून शेवटची सही तुझीच राहिली.

विसरले होते असं लिहिलं तर मला सोपं जाईल. तू भोळा आहेस, विश्वासही ठेवशील. पण मी विसरले नव्हते. व्हरांड्यात तुझ्यापुढे चिठ्ठी नाचवत होते तेव्हा मला त्या पुड्या आठवत होत्या. पावडर नव्हे, हवाच असणार, असं मी मनात म्हणत होते, आणि जितकं म्हणत होते तितका आवाज चढवत होते. पुढे मी ते तपासलं नाही. तपासायला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि मी ते चार वर्षं पुढे ढकललं. तुझा धंदा गेला, तुझं घर गेलं, आणि मी या टेबलाशी बसून बिलांवर शिक्के मारत राहिले. मला लाज वाटते रे. मला तेव्हाच आठवत होतं, ही गोष्ट मी अजून कुणाला, बाबांनाही, सांगितलेली नाही, कागदालाच पहिल्यांदा सांगते आहे.

पण काल काम तर करायचंच होतं. दोन्ही नळ्या हीटरपासून सोडवल्या, थंड नळीच्या तोंडाला पाण्याचा पाइप लावला आणि अगदी हलक्या धारेनं उलटं पाणी सोडलं. जोरात सोडलं असतं तर जाळी फुटली असती. आधी काहीच आलं नाही. मग एकदम तपकिरी गाळ भसकन बादलीत आला, आणि त्या गाळात पितळी कण चमकत होते. पावडरचे कण, दुसरं काय असणार. मी बादली पायानं मागे सरकवायला गेले, पण बाबा खुर्चीतून उठले होते. कुबडी काखेत, दुसऱ्या हातानं गाडीला धरून ते वाकले, दोन बोटांत तो गाळ घेतला आणि उजेडात चोळून बघितला. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “कधी?” मी म्हणाले, त्याच दिवशी सकाळी. ते बादलीकडे बघत उभे राहिले. पायावर भार येऊन त्यांना कळा येत असणार, तरी बसले नाहीत. मी एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं पाणी सोडत राहिले, सहा बादल्या भरल्या, तेव्हा कुठे पाणी स्वच्छ आलं. मग ठिबकणारी ती नळी बदलली, जी तेव्हाच बदलायला हवी होती, नवं कूलंट भरलं, हवा काढली, सगळे क्लिप दोनदा आवळले. इंजिन लावलं. सातव्या मिनिटाला हीटरमधून गरम हवा आली, चांगली चटका देणारी. बाबांनी जाळीपुढे तळहात धरला आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना अपघातातही रडताना बघितलं नव्हतं.

तेव्हा ते जे बोलले, त्यासाठी हे पत्र आहे. ते म्हणाले, “बादल्या गटारात ओत. पोराला कळवू नकोस. चार वर्षं त्याला दाराबाहेर ठेवलं, आता कुठल्या तोंडानं सांगू? ऑपरेशन होऊ दे, मग बघू.” आणि मी, तुझी ही शूर बहीण, हो म्हणाले. बादल्या ओतल्याही. पण मी आम्हा दोघांना ओळखून आहे. ऑपरेशन होईल, मग टाके निघतील, मग कामाचा हंगाम येईल, आणि आम्ही बापलेक मूग गिळून बसू, तू तिकडे खोकी मोजत म्हातारा होशील. म्हणून त्यांच्याशी बोलायच्या आधी तुला लिहिलं. एकदा पत्र गेलं की मला मागे फिरता येणार नाही, आणि मला तेच हवंय. मी माफी मागत नाही, इतक्यात ती मागायचा मला हक्क नाही. ये असंही म्हणत नाही, येणं न येणं तुझ्या मनावर. फक्त हे ऐक, की तुझं काम चोख होतं, त्या दिवशीही आणि त्याआधीही, आणि तुझ्या हाताला काही झालेलं नाही. बाबा बाहेर निळीत बसलेत, हॉर्न वाजवताहेत. त्यांना वाटतंय मी एक्स-रे शोधते आहे. कोपऱ्यावरच्या पेटीत हे टाकायला मी त्यांच्या डोळ्यांदेखत उतरणार आहे, आणि कुणाला लिहिलंस म्हणून ते विचारणारच. घाट तीन तासांचा आहे, काचा बंद असतील, आत ऊब असेल, आणि दोघांपैकी कुणालाच गाडीतून उतरून जाता येणार नाही. तेवढ्या वेळात सांगते त्यांना.

तुला खोटं पाडणारी, पण तुझीच,
ताई